राखेतलं शिसं चाचणीत पुन्हा पुन्हा नापास होतंय? चुना वाढवण्याआधी अर्काचा पीएच बघा

कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या धुरातली राख सिमेंटमध्ये मिसळून तिचे ठोकळे करतात, आणि त्यातून किती शिसं द्रावणात सुटतं ते चाचणीत मोजून मगच ते लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या बांधीव खड्ड्यात, जातात. ही चाचणी फेल झाल्याची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "मॅडम, राख तीच, सिमेंट तेच, मिक्सरवरची माणसंही तीच. तीन बॅच पास झाल्या आणि चौथी शिशात फेल." मग कुणीतरी सिमेंट वाढवतं. पुन्हा फेल. मग चुना वाढवतात, कारण चुना घातला की धातू खाली बसतो हे कॉलेजपासून डोक्यात पक्कं असतं. तर शिसं आणखी वर जातं. तोवर आठ-दहा दिवस गेलेले असतात, शेडमध्ये ठोकळ्यांचा ढीग लागलेला असतो, पुढची राख जंबो बॅगांत अडकून पडलेली असते आणि लँडफिलवरून फोन येत असतो की गाडी कधी पाठवताय.

मी घातक कचऱ्याच्या एका सामाईक प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. एका उन्हाळ्यात हा प्रकार आमच्याकडे इतक्या वेळा झाला की शेवटी मी चाचणीच्या वहीत एक नवा रकाना आखला: अठरा तास बाटलीत फिरवल्यावर गाळून मिळणाऱ्या द्रावणाचा, म्हणजे अर्काचा, पीएच. शिशाच्या आकड्याशेजारी तो आकडा दिसायला लागला आणि आमचा बहुतेक गोंधळ तिथेच सुटला. पुढचं सगळं त्या रकान्याला धरून लिहिलंय.

बॅगेत नेमकं काय असतं

शिसं जळत नाही. कचऱ्यातल्या पीव्हीसीमधून वगैरे आलेल्या क्लोरीनशी ते जुळतं, त्याचं क्लोराइड होतं, ते तापलेल्या धुरात वाफ होऊन वर जातं आणि धूर थंड होताना बारीक कणांवर बसतं. म्हणून भट्टीच्या तळाशी उरणाऱ्या तळराखेपेक्षा बॅगहाऊसच्या, म्हणजे धूर कापडी पिशव्यांतून गाळणाऱ्या यंत्रणेच्या, राखेत विरघळू शकणारं शिसं कितीतरी जास्त. त्याच धुरातलं आम्ल मारायला आपण चुना फवारतो. जेवढा लागतो त्यापेक्षा जास्तच फवारतो, नाहीतर चिमणीचे आकडे बिघडतात. उरलेला चुना बॅगहाऊसच्या कापडावर अडकतो आणि राखेबरोबर खाली पडतो. म्हणजे एका बॅगेत तीन गोष्टी एकत्र आल्या: शिसं, भरपूर मीठ आणि मोकळा चुना. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ही राख ३७.२ क्रमांकावर आहे ती उगीच नाही.

आता मुख्य मुद्दा. शिसं हा उभयधर्मी धातू आहे. आम्लात विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही विरघळतो. पीएच साधारण ९ ते १०.५ च्या दरम्यान त्याची विद्राव्यता सर्वांत कमी असते. डावीकडे गेलात तर शिसं सुटतं, उजवीकडे गेलात तरी सुटतं. आलेख काढला तर दरीसारखा दिसतो. मोकळ्या चुन्याचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, म्हणजे आपण दरी ओलांडून पलीकडचा डोंगर चढायला लागलेलो असतो. जस्ताचंही तसंच. कॅडमियम मात्र वेगळा: पीएच ११ पर्यंत उतरतो आणि पुढेही बऱ्यापैकी खाली राहतो. म्हणून "कॅडमियम पास, शिसं-जस्त फेल" असा रिपोर्ट दिसला तर माझं पहिलं लक्ष जास्तीच्या चुन्याकडे जातं.

टीसीएलपीचं गणित एकदा कागदावर करा

हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं आणि ते कळल्यावरच मला चौथ्या बॅचचं कोडं सुटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पद्धत क्रमांक १३११, म्हणजेच आपली टीसीएलपी: कचऱ्याचा नमुना आम्लाच्या द्रावणात अठरा तास फिरवून त्यातून किती विषारी धातू सुटतो ते बघणारी चाचणी. राखेसारख्या अल्कली नमुन्याला दुसऱ्या क्रमांकाचं द्रावण लागतं: एका लिटरमध्ये ५.७ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, पीएच २.८८. एवढ्या आम्लाचा हिशेब लिटरला ०.१ मोल येतो. नमुन्याच्या वीस पट द्रावण घ्यायचं, म्हणजे १ किलो राखेला २० लिटर, म्हणजे २ मोल आम्ल. विझलेल्या चुन्याचा एक मोल ७४ ग्रॅमचा आणि तो दोन मोल ॲसेटिक आम्ल खातो. म्हणजे राखेत ७.४ टक्के मोकळा चुना असला की बाटलीतलं सगळं आम्ल संपलं.

चुना त्याच्या वर गेला की अठरा तास बाटली फिरते ती आम्लात नाही, चुन्याच्या निवळीत. अर्काचा पीएच १२ च्या वर आणि शिसं पुन्हा सुटलेलं. चुना बराच कमी असेल तर अर्क ५-६ वर थांबतो आणि शिसं आम्लात सुटतं. मध्ये जी चिंचोळी जागा आहे तिथे बॅच पास होते. आपल्या पहिल्या तीन बॅच त्या जागेत योगायोगाने पडल्या होत्या आणि चौथ्या वेळी चुन्याच्या फीडरनं थोडं जास्त दिलं, इतकाच फरक. सिमेंटसुद्धा पाण्याशी जुळताना मोकळा चुना सोडतं, त्यामुळे सिमेंट वाढवून काम का बिघडतं हेही यातच आलं.

आमच्याकडे हे सर्वांत आधी ओळखलं ते मिक्सरवरच्या काकांनी. बॅग फोडून पाणी सोडलं की ते हातमोज्यातूनच मिक्सरच्या कडेला तळवा टेकवायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, आज राख तापतेय. परवाची गार होती." मी त्यावेळी मान डोलावून पुढे गेले. तीच बॅच फेल झाली. न विझलेला चुना पाण्यात विझताना तापतो, त्यांच्या तळव्याला ते आमच्या उपकरणाआधी कळलं होतं. आता प्रत्येक बॅगेची छोटी चाचणी करतो: ठरलेली राख, ठरलेलं पाणी, थर्मामीटर आणि दहा मिनिटं. तापमान नेहमीपेक्षा वर गेलं तर ती बॅग बाजूला आणि त्या दिवशीचं मिश्रण वेगळं.

आधी मीटर तपासा, मग राखेला दोष द्या

बहुतेक प्रयोगशाळांत पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावतात आणि मग त्यावर १२.४ वाचतात. तो आकडा भरवशाचा नाही. चुन्याची संपृक्त निवळी २५ अंशांना १२.४५ दाखवते आणि ती स्वतःच एक प्रमाण बफर आहे. शुद्ध चुना पाण्यात टाकून, ढवळून, गाळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि रोज सकाळी मीटर त्यात बुडवून बघा. हवा लागली की ती पांढरी पडते, तेव्हा टाकून नवी करा. साधा काचेचा इलेक्ट्रोड जास्त सोडियमच्या द्रावणात कमी वाचतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी चूक द्रावणाच्या निवडीत होते. ५ ग्रॅम बारीक नमुना ९६.५ मिली पाण्यात ५ मिनिटं ढवळायचा. पीएच ५ च्या वर असेल तर १ नॉर्मलचं ३.५ मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ५० अंशांवर १० मिनिटं ठेवायचं आणि थंड करून पुन्हा बघायचं. अजूनही ५ च्या वर असेल तर दुसरं द्रावण. कुणी घाईत नेहमीचंच पहिलं द्रावण, ४.९३ चं, वापरलं तर त्यातलं आम्ल किलोला जेमतेम ०.७ मोल. त्यात तोच ठोकळा वेगळाच निकाल देतो. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट जुळत नसतील तर भांडण्याआधी दोघांनी कोणतं द्रावण घेतलं ते विचारा.

आणि एक सोपी गाळणी: राखेतलं एकूण शिसं किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर सगळं सुटलं तरी वीस पट द्रावणात ते लिटरला ५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे मर्यादेच्या वर जाऊच शकत नाही. असं असूनही फेल आलं असेल तर काचसामान, आम्ल आणि कोरी (नमुन्याशिवायची) चाचणी तपासा.

अर्काचा पीएच ११.५ च्या वर आणि शिसं फेल

आमच्याकडे दहातल्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. पहिलं काम: चुना थांबवा. दुसरं: भट्टीवर फोन करा. फीडरचा वेग कधी बदलला, कापडी पिशव्या नव्या लावल्या का, क्लोरीनचा कचरा कमी झाला आणि चुना तेवढाच राहिला का, चुन्याऐवजी सोडियम बायकार्बोनेट सुरू केलं का. बायकार्बोनेटची राख पूर्ण वेगळी वागते, तिचं मिश्रण पहिल्यापासून ठरवावं लागतं. प्रयोगशाळा आणि भट्टी एकाच आवारात असूनही हा फोन होत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पाच मिनिटांच्या बोलण्यानं आठवड्याचं काम वाचतं.

मग उपचार. माझी पहिली पसंती फॉस्फोरिक ॲसिडला. शिसं, फॉस्फेट आणि क्लोराइड मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज होतं, ते अतिशय कमी विरघळतं, आणि लागणारं क्लोराइड राखेत आयतंच असतं. कागदावरचा हिशेब फसवा आहे मात्र. राखेत शिसं किलोला ३ ग्रॅम धरलं तर टनाला ८५ टक्क्यांचं आम्ल फक्त १ किलो पुरायला हवं. प्रत्यक्षात तेवढ्यानं काहीच होत नाही, कारण राखेतलं कॅल्शियम फॉस्फेट आधी ओढून घेतं. खरा डोस राखेच्या वजनाच्या काही टक्क्यांत जातो. पण तो वाया जात नाही: ३ टक्के आम्ल हिशेबाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास चुनाही खातं, म्हणजे पीएच दरीकडे आणतं. दोन्ही कामं एकत्र होतात. पीएच १२.५ वर तसाच राहिला तर फॉस्फेटवरही भरवसा ठेवू नका.

क्रम चुकवू नका. आधी राख पाण्यानं नीट भिजवायची, मग पातळ केलेलं आम्ल हळूहळू, मग अर्धा तास थांबायचं, आणि सिमेंट सर्वांत शेवटी. एकदा घाईत सिमेंट आधी पडलं आणि आम्ल नंतर. आम्लानं सिमेंटच खाल्लं. ठोकळा दुसऱ्या दिवशी हातानं कुस्करत होता.

"डीएपी चालेल का, खताच्या दुकानात स्वस्त मिळतं" हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, कारण त्या खतातही फॉस्फेट असतं. पीएच १२ च्या राखेत डीएपी टाकलं की त्यातला अमोनिया वायू होऊन बाहेर पडतो. बंद शेडमध्ये माणसं खोकून बेजार होतात, डोळे जळतात. नका करू.

सोडियम सल्फाइडनं शिसं चांगलं पकडलं जातं, पण ज्या मिक्सरमध्ये आम्ल वापरलं जातं तिथे सल्फाइड न्यायचंच नाही. हायड्रोजन सल्फाइड माणूस मारतो, आणि जास्त प्रमाणात असेल तर आधी वास घेण्याची शक्तीच जाते. आमच्याकडे सल्फाइडचे पिंप वेगळ्या शेडमध्ये, वेगळ्या कुलपात आहेत. शिवाय उघड्या हवेत सल्फाइड हळूहळू ऑक्सिडाइज होतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठोकळा सोडू नये.

जपानमध्ये १९९१ च्या कायदादुरुस्तीनंतर उडत्या राखेला, म्हणजे धुरातल्या याच राखेला, खास नियंत्रणाचा कचरा ठरवलं गेलं आणि तिथे डायथायोकार्बामेटसारखी धातू पकडणारी रसायनं सर्रास वापरतात. त्यांची शिशाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम आहे, चाचणी मात्र साध्या पाण्यात दहा पट द्रावणात सहा तासांची. त्यांचे आकडे आपल्या टीसीएलपीशेजारी ठेवून तुलना करू नका. नॉर्वेत ओस्लोच्या खाडीतल्या लांगोया बेटावर चुनखडीची जुनी खाण आहे; तिथे ही राख टाकाऊ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मुरवून जिप्सम केलं गेलं आणि त्यानं खाण भरली गेली. एका टाकाऊनं दुसऱ्या टाकाऊचा पीएच आणायचा हा विचार मला मनापासून पटतो. पण ते नियंत्रित टाक्यांत होतं. आपल्या खड्ड्यात जेसीबीनं अज्ञात आम्लाचा गाळ राखेवर ओतणं म्हणजे ते नव्हे.

अर्काचा पीएच ७ च्या खाली आणि शिसं फेल

इथे उलट आहे: आम्ल रोखण्याची ताकद कमी पडली. सिमेंट थोडं वाढवा, हवं तर चुना थोडा, आणि प्रत्येक वाढीनंतर शेवटचा पीएच बघत चला. एकदम दुप्पट करू नका, नाहीतर दरी ओलांडून पलीकडे जाल. आपल्याकडे पोलाद कारखान्यांचा दळलेला स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, सहज मिळतो. त्याचा ठोकळा नुसत्या सिमेंटपेक्षा दाट होतो आणि मोकळा चुना कमी सोडतो, म्हणून मी तो वापरून बघायला नेहमी सुचवते.

शक्य असेल तर स्वतःच्या राखेचा आलेख एकदा काढाच. आठ-नऊ बाटल्या, प्रत्येकीत राख आणि दहा पट पाणी, आणि चढत्या मापानं नायट्रिक ॲसिड. दिवसभर फिरवून गाळा, पीएच आणि शिसं मोजा. अमेरिकेची १३१३ क्रमांकाची पद्धत हेच पद्धतशीर करते, पीएच २ ते १३ मधल्या नऊ ठिकाणी. दोन दिवसांचं काम आहे, पण तुमच्या राखेची दरी नेमकी कुठे आहे ते भिंतीवर लावता येतं.

पीएच ९-१० आहे, तरीही फेल

मग ठोकळा फोडा. खरंच हातोडी घ्या आणि फोडा. आम्ही फोडला तेव्हा आत सुपारीएवढ्या गुठळ्या निघाल्या. वरून ओल्या, करड्या. नखानं टवका काढला तर आत कोरडी, फिकी, पिठासारखी राख. तिला ना आम्ल लागलं होतं ना सिमेंट. टीसीएलपीसाठी नमुना ९.५ मिमीच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करतात, त्यात त्या गुठळ्या फुटतात आणि आतलं शिसं बाहेर येतं. बॅगहाऊसच्या राखेत कॅल्शियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बॅगेचं तोंड तासाभरासाठी उघडं राहिलं तरी वरचा थर ओला होऊन घट्ट बसतो आणि पुढे त्याच गुठळ्या मिक्सरमध्ये येतात. इलाज साधा आहे: बॅग आधी जाळीतून पाडा, पाणी आधी घाला, आणि मिसळण्याची वेळ घड्याळावर मोजा. खड्ड्यात एक्सकॅव्हेटरच्या बकेटनं ढवळून हे काम नीट होत नाही.

गुठळ्या नसतील तर क्लोराइडकडे बघा. भरपूर क्लोराइड शिशाला आणि विशेषतः कॅडमियमला विद्राव्य संयुगात धरून ठेवतं. क्रोमियम फेल असेल तर प्रश्न वेगळा आहे: सहा संयुजेचा क्रोमियम कोणत्याच पीएचला खाली बसत नाही, त्याला आधी फेरस सल्फेटनं तीन संयुजेचा करावा लागतो, आणि तेही चुना-सिमेंट पडण्याआधी. थोडा सहा संयुजेचा क्रोमियम सिमेंटमधूनही येऊ शकतो.

आधी पास, अठ्ठावीस दिवसांनी फेल. किंवा ठोकळा बसतच नाही

जस्त सिमेंटच्या कणांभोवती थर धरतं आणि पाणी आत जाऊ देत नाही. जस्त जास्त असलेल्या राखेचा ठोकळा चार दिवसांनीही ओल्या खारकेसारखा दबतो. अशा वेळी तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट काहीच सांगत नाही: सिमेंटनं अजून आपला चुना सोडलेला नसतो, तो सुटला की आज पास असलेला ठोकळा महिन्यानं फेल होऊ शकतो. थांबा, किंवा जस्त बसवणारं फॉस्फेट आधी द्या.

उलट प्रकारही होतो. ताजा ठोकळा फेल आणि महिन्यानं पास. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याचं कार्बोनेट करतो, पीएच खाली सरकतो आणि शिसं दरीत येतं. तळराखेसाठी तर हाच मुख्य उपचार आहे: ओलसर ढीग घालून सहा ते बारा आठवडे मुरू द्यायचा, अधूनमधून उलथायचा. मात्र अँटिमनी आणि आर्सेनिक याच वेळी वर येऊ शकतात, कारण त्यांना उंच पीएचवरचं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून मुरवलेल्या राखेत फक्त शिसं तपासून समाधान मानू नका. तळराख आणि बॅगहाऊसची राख एकाच ढिगात मिसळू नका, ही कळकळीची विनंती. एक बरी होणारी राख दुसरीमुळे बिघडते.

ठोकळा फुगतो, फसफसतो, तडकतो

राखेत धातुरूप ॲल्युमिनियमचे कण असतात. चुन्याच्या पाण्यात त्यांच्यापासून हायड्रोजन निघतो, १ किलो ॲल्युमिनियमपासून १,२०० लिटरपेक्षा जास्त. तो ठोकळ्यात अडकला तर ठोकळा पावासारखा फुगतो आणि तडकतो, तडकला की पाणी आत शिरतं आणि शिसं बाहेर. हे रसायनशास्त्र झालं. माणसांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं असं की भिजवलेली राख बंद पिंपात, बंद कंटेनरमध्ये ठेवायची नाही. उघड्या, वारा वाहत्या जागी एक-दोन दिवस भिजत ठेवा, फसफस थांबू द्या, मग सिमेंट घाला. त्या भागात वेल्डिंग, ग्राइंडर, विडी काहीही नको. आठवड्यांनी येणारी फूग वेगळी असते: ती सल्फेटमुळे, एट्रिंगाइट नावाच्या सिमेंटमधल्या खनिजाचे स्फटिक वाढल्यानं येते. तिला सल्फेट सोसणारं सिमेंट किंवा स्लॅग लागतो.

मिठावर सिमेंटचा उपाय चालत नाही

ठोकळ्यावर पांढरा थर धरला तर ते मीठ आहे. बॅगहाऊसच्या राखेत क्लोराइडच वजनाच्या दहा-वीस टक्क्यांपर्यंत असू शकतं आणि ते कोणत्याही ठोकळ्यात कायमचं राहत नाही. पाणी लागलं की निघून जातं, मागे भोकं ठेवतं. उपाय एकच: आधी धुणं. पण पीएच १२ च्या धुवणाच्या पाण्यात शिसंही येतं. त्या पाण्याचा पीएच ९ च्या जवळ आणून धातू पाडायचे आणि खारं पाणी बाष्पीकरणाकडे न्यायचं, ही सोय असेल तरच धुवा. नाहीतर आपण घन कचऱ्याचा प्रश्न नाल्यात ढकलतो.

फक्त चाचणी पास करणारे उपाय

१९९० च्या दशकात अमेरिकेत शिसं असलेल्या फाउंड्रीच्या वाळूत लोखंडाचा कीस मिसळायचे. अठरा तास बाटलीत शिसं लोखंडावर बसायचं, चाचणी पास. लँडफिलमध्ये लोखंड गंजलं की शिसं पुन्हा मोकळं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं हा प्रकार बंद केला. आपल्याकडे त्याचं भावंड म्हणजे सिमेंट किंवा माती वाढवत आकडा खाली आणणं. म्हणून मी सुटलेलं शिसं नेहमी मूळ राखेच्या किलोमागे काढते. तो आकडा तसाच राहून लिटरचा आकडा कमी झाला असेल तर तो उपचार नाही, ते पाणी घालणं आहे.

टीसीएलपीबरोबर साध्या पाण्याची चाचणीही करा, दहा पट पाणी, चोवीस तास. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लँडफिल निकषांत तीच आहे: पीएच ४ ते १२, शिसं लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत. पुरेशा आम्लामुळे टीसीएलपीत पास झालेला चुनखट ठोकळा इथे पीएचमध्येही अडकतो आणि शिशातही. आपल्या सेलमध्ये, म्हणजे लँडफिलच्या खड्ड्यात, ठोकळ्याला पाणीच लागणार आहे, ॲसेटिक ॲसिड नाही. खाली दीड मिलिमीटरची एचडीपीई (प्लॅस्टिकची चादर) आणि चिकणमाती असली तरी पलीकडच्या वस्तीतली बाई विहिरीतून पाणी काढते, आणि ती विहीर आमच्या लीचेटच्या (कचऱ्यातून झिरपलेल्या पाण्याच्या) टाकीवरून दिसते. मे महिन्यात मी ठोकळे मोजताना ती समोर असते.

पावसाळ्याआधी जे ठोकळे सेलमध्ये गेले त्यातला एकेक आम्ही बाहेर शेडच्या वळचणीला ठेवतो, तारीख आणि बॅच रंगवून. पागोळ्यांचं पाणी त्यावर पडतं, खाली बादली असते. आठवड्याला बादलीतला पीएच आणि महिन्याला शिसं, तेही वहीत. सप्टेंबरात ठोकळा फोडून पुन्हा दोन्ही चाचण्या.

मदतीसाठी विचारणार असाल तर एवढं सोबत द्या: राख कुठल्या हॉपरची (राख जमा होणाऱ्या नरसाळ्याची), धुरात चुना की बायकार्बोनेट, मूळ राखेतलं एकूण शिसं आणि क्लोराइड, मिश्रणात काय कोणत्या क्रमानं पडलं, चाचणी कितव्या दिवशी केली आणि अठरा तासांनंतर अर्काचा पीएच किती होता. शेवटचा आकडा नसेल तर बाटलीतला उरलेला अर्क फेकू नका. झाकण लावलेलं असेल तर आत्ताही मोजता येईल.